ॲसिडाचा संकल्प

काशीत राहून देवाला नमस्कार न करणारी माणसं मी पाहिली आहेत, पण सल्फ्युरिक ॲसिडला ‘अहो’ म्हणणारा माणूस साऱ्या शहरात एकच होता आणि तो आमच्या आत्याचा नवरा होता. आतोबा एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक होते. “यांना अरे-तुरे केलं की माणूस निष्काळजी होतो,” असं ते गंभीरपणे सांगत. खताच्या कारखान्यापासून मोटारीच्या बॅटरीपर्यंत यांच्यावाचून कुणाचं पान हलत नाही, हेही सांगत, जावयाचं कौतुक सांगावं तसं. बाटली नेताना एक हात मानेशी, दुसरा बुडाखाली. समोरून प्राचार्य आले तरी त्यांनीच भिंतीला चिकटून उभं राहायचं. बूच क्षणभर उघडं राहिलेलं खपत नसे. “हवेतलं पाणी पितात, मग तब्येत बिघडते.” आत्याचं दुखणं निराळंच. ॲसिडाचे बारीक थेंब उडालेला नवऱ्याचा सुती सदरा धुतला की त्याची चाळण होई, आणि लोकरीला ॲसिड तितकं खात नाही म्हणून बनारसच्या मे महिन्यातही आतोबा लोकरीचं जाकीट घालत आणि घामाघूम होऊन घरी येत.

पण खरा सोहळा ओतण्याचा. पूजेआधी गुरुजी वार, तिथी, नदीचा तीर उच्चारून संकल्प सोडतात, तसा आतोबांनी ॲसिडाचा संकल्प बसवला होता. “आज मंगळवार, गंगेच्या पश्चिम तीरी, चष्मा डोळ्यांवर, पाणी भांड्यात, ॲसिड हातात. पाण्यात ॲसिड, हळूहळू.” प्रत्येकाने हे मोठ्याने म्हणायचं. उलट केलं, ॲसिडात पाणी ओतलं, तर ते उकळून अंगावर उडतं. क्रम चुकू नये एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. मुलं हसत, पण आतोबांच्या साऱ्या नोकरीत तिथे कुणाला इजा झाली नव्हती. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं आणि हा लौकिक जसाच्या तसा घरी न्यायचा, एवढीच त्यांची हौस होती.

मी तिथेच बी.एस्सी.ला होते. एके दिवशी घाईत, आणि खरं सांगायचं तर मैत्रिणींसमोर त्या संकल्पाची लाज वाटून, मी तो गिळला आणि ॲसिडातच पाणी ओतलं. चर्रकन आवाज झाला. माझ्या तोंडासमोर एक हात आला, तो आतोबांचा. मला थेंबही लागला नाही. ते नळाखाली हात धरून उभे राहिले आणि कळ सोसत शिकवू लागले, “बघा, भरपूर वाहतं पाणी. निदान पंधरा मिनिटं. हळद नाही, तूप नाही, टूथपेस्ट तर बिलकुल नाही.”

विभागप्रमुख धावत आले. “किससे हुआ?”

“हमसे,” आतोबा म्हणाले. “बुढ़ापा है साहब, पानी गलत डाल दिया.”

मी तिथेच उभी होते. हातातलं पाण्याचं भांडं मी हळूच टेबलावर ठेवलं. ॲसिडाच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडून काढून घेतली गेली आणि शेवटचं वर्ष त्यांनी काचेच्या नळ्या पुसण्यात काढलं.

जखम भरली, पण बोटं जुळेनात. अहिल्याबाई घाटावर सूर्याला अर्घ्य देताना ओंजळीतलं पाणी मंत्र संपायच्या आतच गळून जाई. एका सकाळी मला ते पाहवेना.

“आतोबा, मी आज जाऊन खरं सांगते.”

“आता सांगितलंस तर मी खोटा ठरेन, बेटा,” ते म्हणाले. “या वयात ते कशाला? राहू दे.”

मी राहू दिलं. परीक्षा पास झाले, नोकरीला लागले. आतोबा गेले तेव्हा त्यांचे जुने सहकारी घरी भेटायला आले. “माणूस फार जपून काम करणारा,” ते आत्याला म्हणाले, “बस, शेवटी हात थरथरला.” तेव्हाही मी खाली मान घालून त्यांना चहा दिला.

त्यांचा हात थरथरला नव्हता. ॲसिडात पाणी मी ओतलं होतं.