पोटरीवरचे चट्टे आणि जांघेतली गाठ

गाठीच्या रोगाची साथ वाशीमकडून अनसिंगजवळच्या आमच्या गावापर्यंत आली, तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. घरोघरी उंदीर मरून पडू लागले, तसं सारं गाव शेतात तुराट्यांच्या झोपड्या उभारून राहायला गेलं. मेलेल्या उंदरावरच्या पिसवा चावल्या की माणसाला गाठ येते, असं कचेरीतला एक माणूस सांगून गेला होता.

आठवडाभरातच माझ्या पोटऱ्यांवर लाल चट्टे उठले. खाज अशी, की भाकरी थापतानाही हात पायाकडे जाई. खाजवून खाजवून मी रक्त काढलं आणि लुगडं घोट्यापर्यंत ओढून ते लपवलं. दोन दिवसांनी जांघेत हात लागला, तर तिथं बोराएवढी गाठ. दाबली की दुखायची.

शेजारच्या शेतातल्या एका बाईला गाठ आली होती. तिला नाल्यापलीकडे एकटीला ठेवलं होतं, भाकरी लांबून काठीनं सरकवत. तिसऱ्या दिवशीची भाकरी तशीच पडून राहिली. मला सारखी ती भाकरीच दिसू लागली.

नाल्यावर धुणं धुताना मोठ्या जावेचं माझ्या पायांकडे लक्ष गेलं.

"काहून लपवून राह्यली वं? दाखव."

मी रडत गाठीचं सांगितलं. ती दोन पावलं मागं सरकली. तिच्या अंगावर पिणारं लेकरू होतं.

"ताप हाय?"

"नाई."

"मंग कोनाले सांगू नोको."

त्याच दुपारी तिनं लेकरू सासूबाईंच्या हवाली केलं. "मले न् हिले खोकला झाला, आमी दोघी गंजीकडं राह्यतो," एवढंच सांगितलं. कडब्याच्या गंजीमागं तिनं कडुनिंबाचा पाला उकळला, निवलेल्या पाण्यानं माझे पाय धुतले, पाला वाटून हळदीसोबत लावला. खाजवू नये म्हणून माझ्या बोटांना चिंध्या बांधल्या. सकाळ-संध्याकाळ ती माझ्या कपाळाला हात लावून ताप बघायची. तोंड दुसरीकडे वळवलेलं असायचं.

तिसऱ्या दुपारी माझं अंग तापलं. तिनं हात लावला आणि मटकन खाली बसली. मी देवाचं नाव घ्यायला लागले, तर तेही धड आठवेना. ऊन कललं, तसं अंग निवलं. तो उन्हाचाच ताप होता.

पाचव्या दिवशी चट्ट्यांवर खपल्या धरल्या, गाठ हरभऱ्याएवढी झाली.

"खाजवून चिघळलं व्हतं वं, त्याची गाठ," जाऊ म्हणाली आणि मोठ्यानं रडली.

मग अंगावरून पाणी घेऊन, लुगडं बदलून ती लेकराकडे धावली. पण एवढ्या दिवसांत तिचं दूध आटलं होतं. ते लेकरू शेळीच्या दुधावरच वाढलं. तिनं मला कधी बोल लावला नाही. सासूबाईंना मात्र आम्ही खरं कधीच सांगितलं नाही.