फोटोतला मोतद्दार

घोड्याचं कागदावरचं नाव भलतंच लांबलचक होतं. तबेल्यात मात्र सगळे त्याला जावईबापू म्हणत. हे नाव ठेवलं त्याची निगा राखणाऱ्या मोतद्दाराच्या बायकोनं. मोतद्दाराला लहानथोर सगळेच मामा म्हणायचे. एकदा जेवताना तो तिला सांगत होता, की नवीन आलेला तरणा घोडा बादली जरा मळकी दिसली की तोंड फिरवतो, गवत ओलसर लागलं की लाथ झाडतो, आणि माझ्याशिवाय कुणाला लगामाला हात लावू देत नाही.

"मग जावईच आलाय म्हणा की," ती म्हणाली.

मामानं ते तबेल्यात सांगितलं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

जावईबापू पहिल्या हंगामात एकदाही हरला नाही. त्याच हंगामात मामाची बायको आजारी पडली. पोटाचं ऑपरेशन झालं, थोडं बरं वाटलं, पुन्हा दवाखाना. मोठ्या शर्यतीच्या सकाळी मामा तिच्या उशाशी बसला होता. बोलताना तिला धाप लागत होती.

"जा तुम्ही. इथे माझा भाऊ आहे, पोरगी आहे. तिकडे जावयाचं कोण बघणार?"

तो गेला.

दुपारी तो घोड्याला खरारा करत होता, तेव्हा खिशातला फोन वाजला. मेहुण्याचा होता. "भाऊजी, ताई गेली."

"बरं," मामा म्हणाला. आपला आवाज त्याला शेजारच्या ठाणातून आल्यासारखा वाटला. फोन खिशात ठेवून त्यानं घोड्याची उरलेली बाजू साफ केली, आयाळ विंचरली, एकेक खूर उचलून पाहिला. ट्रेनर दारातून डोकावला. "मामा, झालं का?"

"झालं."

शर्यतीआधी घोड्यांना लोकांपुढून गोल फिरवतात, तसं मामानं जावईबापूला फिरवलं. कठड्यापलीकडे माणसंच माणसं होती. घोडा अंगचोरपणा न करता ऐटीत चालत होता, मामा त्याच्या मानेशी. जॉकी वर बसला, घोडे सुटले, आरडाओरडा झाला, आणि जावईबापू बाकीच्यांना पार मागे टाकून आला. मालक आले, मालकीणबाई आल्या, फोटो निघाला. मामा लगाम धरून उभा होता. फोटोवाल्यानं हसायला सांगितलं, तर हसलाही.

घाम पुसून घोड्याला ठाणात बांधल्यावर तो ट्रेनरकडे गेला. "सर, मी निघू का? बायको वारली."

"कधी?"

"मघाशी."

ट्रेनर त्याच्याकडे बघतच राहिला. मग त्यानं गाडीची किल्ली काढली आणि स्वतः त्याला दवाखान्यात सोडलं.

पुढचं सगळं रीतसर पार पडलं. नातेवाईक रडले, मामानं त्यांना पाणी दिलं. फोटो पेपरात आला, तो मुलीनं पाहिला.

"हा फोनच्या आधीचा की नंतरचा?"

"नंतरचा."

तिनं पेपर उलटा करून ठेवला. त्यानंतर ती कामापुरतंच बोलायची: जेवायला वाढलंय, कपडे वाळत घातलेत, उशीर होईल.

जावईबापू पुढचे दोन हंगाम गाजवत राहिला. लोक मामाच्या पाठीवर थाप मारत, हात हातात घेत, तोही मान डोलवायचा. घोडा जिंकला काय, हरला काय, मामाला सारखंच. मालिश करताना हात आपोआप चालत. ठाणात कधी घोडा त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवून उभा राही. मामा तेवढा वेळ थांबे आणि मग पुढच्या कामाला लागे.

चौथ्या हंगामात जावईबापूच्या पुढच्या पायाची शीर दुखावली. पळणं संपलं. त्याला पैदाशीसाठी लांबच्या फार्मवर पाठवायचं ठरलं. "जावईबापू आता घरजावई होणार," तबेल्यात हशा पिकला. सगळे हसले म्हणून मामाही हसला. "तूही जा त्याच्याबरोबर," ट्रेनर म्हणाला, "राहायला खोली देतील." मामानं नको म्हटलं. मुलगी एकटी पडेल, एवढंच कारण त्यानं सांगितलं.

पोचवायला मात्र तोच गेला. फार्मवरच्या माणसाच्या हाती दोर देताना जावईबापूनं नेहमीसारखी झटापट केली नाही. दोन-चार पावलं जाऊन त्यानं मान वळवली, मग समोरचं हिरवं कुरण दिसलं आणि तो तिकडे चालू लागला.

मामा घरी आला तेव्हा मुलगी ओट्याशी भाजी चिरत होती. तो हातपाय धुऊन खुर्चीत बसला. पाठमोरीच ती म्हणाली, "बाबा, त्या दिवशी तुम्ही लगेच का नाही आलात?"

"दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. पाय चालत होते, म्हणून चालत राहिलो."

"मला वाटायचं, तुम्हाला काही वाटलंच नाही."

"मलाही अजून तसंच वाटतं," तो म्हणाला. "कधी वाटेल, तेही ठाऊक नाही."

तिनं सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि दुसरी खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली. भाजी तशीच अर्धी चिरलेली राहिली.

"आईनंच पाठवलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "मी तिथेच होते की."

"हो," मामा म्हणाला.

बाहेर कुणाच्या तरी स्कूटरला किक बसत नव्हती. ती सुरू होईपर्यंत दोघं ऐकत बसली.