पहिलं नको

आमच्या घरात मागणं हे पाप होतं. खोटं बोलल्याबद्दल आईनं मला कधी मारलं असेल-नसेल, पण दुसऱ्याच्या घरी लाडवाकडे नुसतं टक लावून पाहिलं म्हणून मांडीला काढलेला चिमटा मला अजून आठवतो. आम्ही तंजावरचे. कोणे एके काळी आमच्यातलं कुणीतरी दरबारात चाकरीला होतं म्हणे. दरबार गेला, चाकरी गेली, तंजावरचं घरही गेलं, आणि आमचे लोक मद्रासला येऊन कचेऱ्यांमधून खर्डेघाशी करू लागले. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तो पीळ माझ्या वाट्याला जरा जास्तच आला होता.

न मागण्याचं आमचं शास्त्र होतं. कुणी काही देऊ केलं तर आधी ‘नको’ म्हणायचं. समोरच्यानं ‘असं कसं, घ्याच’ म्हणायचं. मग आपण ‘कशाला उगीच’ म्हणायचं. त्यानं तिसऱ्यांदा पुढे केलं की खाली मान घालून घ्यायचं. हळदीकुंकवाला गेलेल्या बाईनं पहिल्याच हाकेला ताटलीत हात घातला तर तिच्या माहेरचा उद्धार व्हायचा. पहिलं नको हे नको नसतंच, हे आमच्यात तान्ह्या पोरालाही कळत होतं. सगळ्या जगाला ते कळत असेल, असं मी गृहीत धरलं होतं.

लग्नानंतर आम्ही नुंगंबाक्कमला एका मोठ्या घराच्या पोर्शनमध्ये राहायला आलो. आमचे हे जॉर्ज टाउनमधल्या एका पेढीत हिशेबनीस होते. मधे एक विहीर, तिच्या अलीकडे आम्ही आणि पलीकडे एक अँग्लो-इंडियन बाई, तिचा रेल्वेतला नवरा आणि दोन मुलगे. बाई कुठल्याशा ऑफिसात टेलिफोनवर बसायची. फ्रॉक घालायची, मोडकं तमिळ बोलायची आणि विहिरीवर भेटली की मोठ्यानं हसायची. आमची मुलगी, आमची पाप्पा, तिला आंटी म्हणे. मी मनातल्या मनात मडमबाई म्हणत असे, आणि त्यात आदर फारसा नसे.

देणंघेणं आमच्यात होतं, नाही असं नाही. दिवाळीला माझ्याकडून चकलीसारखे मुरुक्कू आणि बदामाच्या वड्या जायच्या, नाताळला तिच्याकडून भरतकामाच्या रुमालाखाली केक यायचा. केकात अंडं, त्यामुळे तो तसाच आमच्या झाडूवालीच्या घरी रवाना व्हायचा. ताटली मात्र मी कधी रिकामी परत केली नाही, गुळाचा खडा तरी घातलाच. हे सगळं रीतीत बसत होतं.

रीतीत बसत नव्हती ती त्यांची यादी. डिसेंबर लागला की तिचे दोघे मुलगे ओसरीवर पालथे पडून कागदावर काय काय हवं ते लिहायचे. बॅट, शिट्टी, किल्लीची मोटार. तो कागद त्यांच्या क्रिसमसच्या म्हाताऱ्यासाठी असायचा. आईबाप तो वाचून वर हसायचे, आणि ‘अजून काही?’ असं विचारायचे. मी कपडे पिळता पिळता हे पाहायची आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. रात्री मी ह्यांना म्हणायची, “देव दिसला की हात पुढे करायचा. आणि तेही लिहून! ही काय मुलांना शिकवायची गोष्ट झाली?”

हे म्हणायचे, “त्यांची पद्धत.”

“आमच्या पाप्पाला सांगा काय पाहिजे ते माग मणून. काही नक्को म्हणेल.”

आणि ते खरं होतं. आमची मुलगी नऊ वर्षांची होती आणि तिनं कधी, कुणाकडे, काहीही मागितलं नव्हतं. पोंगलला कापड घ्यायला गेलं की म्हणे, तुला आवडेल ते. पाहुण्यांनी पैसे पुढे केले की दोन्ही हात पाठीमागे. माझ्या सगळ्या नात्यात तिचं कौतुक होतं आणि त्या कौतुकावर माझं पोट भरत असे. इतकं गुणी पोर आपल्यामुळेच झालं, असं मला वाटायचं. वाटायचं काय, मी तसं बोलून दाखवायची.

त्या वर्षी मी तिला एका गोष्टीवरून सारखी रागावत होते. ती शाळेचे बूट टाचेकडून चेपून घालायची. कॉन्व्हेंटची शाळा, काळे बूट सक्तीचे, आणि ही बया त्याच्या सपाता करून फटक फटक चालत यायची. “चांगल्या चामड्याचं वाटोळं करूलालीस,” मी ओरडायची, “नीट पाय घाल, नीट चाल.” मग ती फाटकापर्यंत नीट घालून जायची. बूट बाहेर पायरीशी काढायचे आणि घरात अनवाणी वावरायचं, त्यामुळे तिचे पाय बुटात कसे दिसतात ते मी कधी जवळून पाहिलंच नाही. अंघोळही ती हल्ली आपली आपण करत होती.

नाताळच्या सकाळी मडमबाई चर्चहून परस्पर आमच्या दारात आली. डोक्याला टोपी, ओठांना लाली, हातात लाल कागदात बांधलेलं खोकं. मी नुकतं दारात कोलमची रांगोळी घालून हात धुवत होते.

“हे तुमच्या पाप्पाला,” ती म्हणाली. “बूट आहेत. तिनं मागितले होते.”

तिनं मागितले होते! माझ्या कानशिलात कुणी मारली असती तरी मला इतकं लागलं नसतं. माझ्या मुलीनं, विहिरीपलीकडे जाऊन, परक्या बाईकडे बूट मागितले. मला वाटलं, आता ही बाई आपल्या भावाबहिणींना सांगेल की त्या मराठी लोकांना मुलीला बूट घ्यायलाही होत नाही.

“नको, नको,” मी म्हणाले. “तिला सगळं आहे. कशाला उगीच.”

आणि मी दार धरून उभी राहिले. आता खरं सांगायचं तर रागाच्या खाली मला हेही माहीत होतं की ती पुन्हा म्हणेल. म्हणेल, असं कसं, सणाचा दिवस आहे, मुलीसाठी आणलंय. मग मी आणखी एकदा नको म्हणेन, मग घेईन, आणि संध्याकाळी तिच्या मुलांसाठी काहीतरी भारी पाठवून फिटंफाट करून टाकेन. एवढा सगळा हिशेब माझ्या मनात झाला होता.

तिचा चेहरा लाल झाला. “सॉरी,” ती म्हणाली. “मला माफ करा.” आणि खोकं घेऊन ती विहिरीला वळसा घालून निघून गेली.

मी पाहतच राहिले. काय बाई आहे, एकदाच म्हणाली! 

मागे वळले तर मुलगी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं. मी तिच्या दोन थोबाडीत दिल्या. “भीक मागायला शिकवली का मी तुला? तुझ्या बापाचे हात मोडलेत का?” ती रडलीसुद्धा नाही. त्याचाही मला राग आला.

दुपारी माझं मलाच कसंतरी झालं. सणाचा दिवस आमचा नसला तरी सणच होता, आणि शेजारची मुलं शिट्ट्या फुंकत होती. मी तिला हाक मारली, म्हटलं ये, आज मी न्हाऊ घालते. तेल कोमट केलं. डोक्याला लावलं, पाठीला लावलं, पाय पुढे ओढला आणि माझा हात थांबला.

दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली होती. करंगळ्यांची साल निघून आत लाल मांस दिसत होतं. टाचेच्या वर जुनी खपली, तिच्यावर नवी. चेपलेल्या बुटांचा अर्थ मला त्या क्षणी कळला.

“कधीपासून?” मी विचारलं.

“दिवाळीच्या अगोदरपासून.”

“मग मज सांगायला काय झालं होतं?”

तिला खरंच कळत नव्हतं मी काय विचारतेय ते. “तूच मणतीस की, मागू नये मणून.”

“आणि आंटीकडे कशी मागितलीस?”

“मी मागिटलं नाही, अम्मा,” ती घाईघाईनं म्हणाली, जणू एवढा एक आळ तरी काढून टाकावा. “आंटीनं इचारलं. तुज काय पायजे मणून इचारलं. इचारलं मणून सांगिटलं.”

तेलाची वाटी मी खाली ठेवली. माझ्या शास्त्राप्रमाणेसुद्धा तिची काही चूक नव्हती. विचारल्यावर सांगणं म्हणजे मागणं नव्हे. आणि नऊ वर्षांत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. मला लाज वाटली. आजही वाटते. मुलगी मोठी झाली, तिची मुलं मोठी झाली, पण ते पाय आठवले की जेवता जेवता माझा घास थांबतो.

हे संध्याकाळी फिरून आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, “मूल रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही म्हणतात. आपण तिचं रडणंच बंद करून ठेवलं.” ‘आपण’ म्हणाले, पण त्यात ते नव्हते हे दोघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीपलीकडे गेले. दुकानातले बूट घेता आले असते, पण मुलीनं ज्यांचं नाव काढलं होतं तेच तिच्या पायात घालावे, आणि मडमबाईच्या हातून घालावे, असं माझ्या मनानं घेतलं होतं. इतक्या वर्षांत मी त्या घरी चमचाभर कॉफीची पूडसुद्धा मागायला गेले नव्हते. तिनं खुर्ची दिली. मी बसले आणि चर्चबद्दल विचारलं, तिच्या नवऱ्याच्या ड्यूटीबद्दल विचारलं, विहिरीचं पाणी यंदा किती वर आलंय ते सांगितलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. ती बिचारी सगळ्याला हो हो म्हणत राहिली. शेवटी मी जमिनीकडे पाहत म्हणाले, “ते बूट... मला द्या.”

‘द्या’ हा शब्द तोंडातून निघताना मला घाम फुटला होता.

तिनं आपले दोन्ही हात गालांवर ठेवले. “अय्यो,” ती म्हणाली, “मी ते काल संध्याकाळी चर्चमधल्या अनाथ मुलींना देऊन टाकले. तुम्ही नको म्हणालात ना.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हेच वाईट. तिला मी नको म्हटलं ते तिनं खरं मानलं होतं, इतकंच. “पुन्हा विचारलं असतं तर तुमचा अपमान झाला असता,” ती म्हणाली. “आमच्यात कुणी नाही म्हटलं की पुढे रेटत नाहीत. थांबा, मी आजच दुसरे आणते.”

आणि मी काय म्हणाले असेन? “नको, नको. कशाला उगीच.” तोंडाला लागलेली सवय. तिनं मान हलवली आणि याही वेळी माझं खरं मानलं.

मग संध्याकाळी आम्ही तिघं माउंट रोडवरच्या एका चपलांच्या दुकानात गेलो. बाहेर कागदी चांदण्या अजून लटकत होत्या. मी मुलीला रस्ताभर सांगत होते, की तुला हवे ते घे, बकलाचे घे, नाडीचे घे, सगळ्यात चांगले घे. ती हो म्हणत होती. दुकानदारानं पहिला जोड काढला. ती बाकावर बसली, पाय घातले, बकल लावलं.

“घट्ट होतात का?” मी विचारलं.

“नाही, अम्मा. बरोबर आहेत.”

मी खाली बसून बुटाच्या टोकावर अंगठा दाबला. आत मोकळी जागा लागली. बोटभर तरी असेल. मला हायसं वाटलं, ह्यांनी खिशात हात घातला. तेवढ्यात ती उभी राहिली, आणि मला दिसलं की बुटाच्या मधोमध चामडं वर उचललं गेलंय, दोन्ही पायांवर सारखंच. तिनं आत बोटं दुमडून घेतली होती, माझ्या अंगठ्याला जागा लागावी म्हणून.

मी तिचा घोटा धरला. “पाप्पा,” मी म्हणाले, “बोटं सरळ कर.”

ती हसली, पाहुण्यांपुढे हसायची तशी.

“सरळच आहेत, अम्मा.”