ढवळा गोऱ्हा

माझ्या मेहुण्याला हैदराबादेत सुटी मिळाली, की तो आमच्या उटनूरला निसर्ग बघायला येतो. निसर्ग म्हणजे आम्ही जिथं राहतो ते. पायात जाड तळव्यांचे बूट, हातात दुमडणारी काठी, पाठीवर नळी लावलेली पाण्याची पिशवी. लेकरानं दूध प्यावं तसा पाणी चोखत चालतो. एकदा रबरी होडी फुगवून तळ्यात उतरला आणि म्हशींनी वाट दिली नाही म्हणून परत आला. अंधार पडला की गच्चीवर उभा राहून मोबाइल आभाळाकडे धरतो आणि ताऱ्यांची नावं वाचून दाखवतो. खऱ्या ताऱ्यांकडे बघायला त्याला सवड नसते.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण माझी दहा वर्षांची मुलगी त्याच्यावर लट्टू. "मामाले सगळं माहीत हाये बाबा, तुमाले काहीच नाई माहीत," असं ती एकदा म्हणाली. मी शाळामास्तर. ते जिव्हारी लागलं. माझ्या बापाचा जन्म याच डोंगरात मालकाची ढोरं राखण्यात गेला होता. म्हणून डिसेंबरातल्या एका रविवारी मी ऐटीत जाहीर केलं, आज वाट मी दाखवणार, मोबाइल खिशात ठेवा.

दोन तासांत आम्ही तिघं वाट चुकलो. खरं तर बापानं मला डोंगरात कधी नेलंच नव्हतं, पाटीपुस्तकापासून हलू दिलं नव्हतं. नाव मोठं, लक्षण खोटं. मेहुण्यानं मोबाइल काढला तर रेंज नाही. मग तो दगडावर बसून काठीची उघडझाप करू लागला.

तेवढ्यात उतारावर गवत कापणारी एक म्हातारी दिसली. तिनंच हाक दिली, "काऊन फिरून राह्यले जी? ढोर हरवलं का?"

आमच्याकडे तेवढ्यासाठीच कोणी डोंगर तुडवतं. नुसतं फिरतोय म्हणायची मला लाज वाटली, आणि वाट चुकलो हे मुलीसमोर सांगवेना. मी म्हणालो, "हो मावशी. गोऱ्हा."

"भाऊजी, बैल कधी घेतला?" मेहुण्यानं विचारलं. मी त्याच्या महागड्या बुटावर पाय दिला.

म्हातारीनं विळा कमरेला खोचला. "कसा हाये?"

"ढवळा. एक शिंग वाकडं." बापाच्या मालकाच्या बैलाचं वर्णन मी ठोकून दिलं. आमच्या घरी शेपटीचं जनावर म्हणजे पाल.

कापलेलं गवत तसंच टाकून ती पुढं निघाली. नाल्यात उतरली, ओल्या मातीतले खूर वाकून पाहिले, "हे जुने व्हय," म्हणाली. प्रत्येक टेकाडावर थांबून तिनं हाका मारल्या. तिची एक चप्पल दोरीनं बांधलेली होती. तासभर ती माझा नसलेला गोऱ्हा शोधत होती आणि मेहुणा मागून त्याचा व्हिडिओ काढत होता. "पैसे देऊनही असा अनुभव मिळत नाही!" म्हणाला मूर्ख. मुलगी मात्र डोंगर बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. खरं सांगून टाकावं असं दहादा मनात आलं, आणि दर पावलाला ते जास्तच अवघड होत गेलं.

शेवटी खाली डांबरी रस्ता दिसला. "गाव कोणतं तुमचं?" तिनं विचारलं. मी चार कोसांपलीकडच्या एका गावाचं नाव सांगितलं.

"फिकर नका करू. सापडला तं बांधून ठेवीन, निरोप धाडीन," म्हणाली आणि आल्या वाटेनं चढून गेली. उन्हं कलली होती. तिच्या जेमतेम दोन पेंढ्या झाल्या होत्या.

मेहुण्याची मी वर्षानुवर्षं टिंगल केली. तो निदान फिरायला आलोय हे खरं सांगतो. माझ्यासारख्या भित्र्या, ढोंगी माणसानं कोणाला हसावं?

सोमवारी स्कूटरवर मुलीला शाळेत सोडत होतो. डोंगर दिसायला लागल्यावर मागून तिनं विचारलं, "बाबा, ते आजी आज बी शोधून राह्यली असंन का?"

मी म्हणालो, "सापडला असंन आतापर्यंत."