मावळतीची पडवी

"वारा सांगीसन येस, आपनच ऐकत नही," असं मोतीलाल मिस्तरी एकदा म्हणाला होता.

त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. पारोळ्यात, अमळनेर रस्त्यावरच्या त्याच्या वर्कशॉपमध्ये एक शेतकरी शेडची चौकशी करायला आला होता. चहा आला होता आणि बाहेर रस्त्यावर खताची रिकामी गोणी जागच्या जागी गरगर फिरत होती. मोतीलाल तेवढं बोलला आणि चहा अर्धा ठेवून उठला. अर्ध्या चहावरून उठणं ही त्याची जुनी खोड. लग्नाच्या पंगतीतही तो वर बघत जेवतो. मांडवाची एखादी दोरी सैल दिसली की हात धुऊन आधी ती आवळतो, मग वरातीला लागतो.

त्याचे वडील अमळनेरला एका तेलाच्या गिरणीत हमाल होते. शाळा सुटल्यावर मोतीलाल त्यांचा डबा घेऊन गोदामात जायचा आणि सरकीच्या पोत्यांवर पडून राहायचा. वर पत्र्याचं उंच छप्पर. दुपारी पत्रा तापला की टक टक वाजायचा, बोटं मोडल्यासारखा. वारा पत्र्याखाली शिरला की वेगळा आवाज यायचा, कुणीतरी दाबून श्वास सोडावा तसा. पहिल्या आवाजात तो झोपायचा. दुसऱ्यात उठून बसायचा. आज त्याला बावन्नावं लागलंय आणि त्या दोन आवाजांतला फरक सांगण्यावर त्याचं पोट चाललंय.

तीस वर्षांत त्यानं खान्देशात किती शेडं उभी केली ते त्यालाही ठाऊक नाही. सगळ्यांचा घाट साधारण एकच. मधे उंच शेड. त्यात मका, कापूस, मळणीयंत्र, ट्रॉली. एका बाजूला उतरत्या पत्र्याची पडवी. तिच्यात गुरं, चारा, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी. पडवी मोठ्या शेडला टेकलेली असते म्हणून लोकांना ती फुकटात आल्यासारखी वाटते. मोतीलाल मात्र शेडपेक्षा पडवीलाच जास्त भीत आला.

काम घेण्याआधी तो शेतात एक वेळू रोवायचा. त्याच्या टोकाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायचा आणि निघून यायचा. आठ दिवसांनी जाऊन चिंधी कुठल्या अंगानं विरलीय ते बघायचा. शेतकऱ्याला विचारायचा नाही. घरातल्या बाईला विचारायचा, वाळवणावर धूळ कुठून येते म्हणून. मग पडवी ठरायची, आणि ती बहुतेक उगवतीलाच ठरायची. मावळतीची बाजू तो पत्र्यानं जमिनीपर्यंत बंद करायचा. कारण वैशाखातलं वावधन, म्हणजे वादळी वारा, तिकडूनच येतं. पडवी मावळतीला उघडी ठेवली तर वारा सरळ तिच्यात शिरतो, पुढे शेडची भिंत असते, त्याला जायला वाट उरत नाही. मग तो वर जातो. पत्रा घेऊन जातो.

लोक ऐकायचे नाहीत. इथल्या माणसाला वाऱ्याचं भय नाही, उन्हाचं आहे. दुपारी तीनचं ऊन भिंतीवर तापतं, त्या भिंतीला आड हवं, म्हणजे पडवी मावळतीला हवी, असा सगळ्यांचा हिशेब. मोतीलाल सांगायचा, मावळतीला कडुनिंब लावा, पत्र्यावर कापसाच्या पऱ्हाट्या टाका. नाहीच पटलं तर दुसरा मिस्तरी बघा. तोंडावर सांगायचा. त्यामुळे हातची बरीच कामं गेली, आणि गेलेल्या कामांतली काही वादळानं नेली. त्यानं कुणाला बोलून दाखवलं नाही. वादळ झालं की मोटरसायकल काढून तो नुसता ती शेडं बघून यायचा.

मावळतीची पडवी त्यानं आयुष्यात एकदाच बांधली. पंडित नानांसाठी.

पंडित नाना साक्रीकडच्या एका गावचे. बारा एकर कोरडवाहू, चार म्हशी, गावात शब्दाला मान. त्यांच्या रविंद्रला मोतीलालची पूनम दिली. लग्नाला वर्ष होत नाही तोच नानांनी शेड बांधायला काढलं आणि काम अर्थातच व्याह्याकडे आलं. मोतीलाल वेळू आणि चिंधी घेऊन गेला होता. मोटरसायकलीला बांधलेला वेळू त्यानं सोडलाच नाही. नानांनी त्याला शेतात उभं करून हातानं दाखवलं होतं.

"दुपारना उन्हमा मन्या म्हसी भाजाई जातीन, याही. पडवी मावळतलेच पाह्यजे."

समोर दुसरं कुणी असतं तर मोतीलाल तिथूनच मागे फिरला असता. पण मुलीचा बाप मुलीच्या सासरी आवाज चढवत नाही. पाणी मागायचं तरी दोनदा विचार करतो. त्यानं मान हलवली आणि पडवी बांधली. लोखंड जाड घेतलं, हूक दुप्पट मारले, खांब हातभर जास्त खोल पुरले. काम संपल्यावर प्रत्येक खांब धरून हलवून पाहिला. एकही हलला नाही. परतीच्या वाटेवर धुळ्यापर्यंत तो तीन वेळा थांबला, आणि प्रत्येक वेळी परत जावं असं त्याला वाटलं.

त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून त्याची बोटं थांबत नाहीत. वर्कशॉपात बसला तरी टेबलावर नट फिरवत राहतो. मोबाइलवर हवेचा अंदाज बघतो, बंद करतो, पुन्हा बघतो. बायको पुष्पाबाई म्हणते, यांना पोरीची आठवण येते. ती चुकीचं म्हणत नाही. सकाळ-संध्याकाळ पूनम त्याच पडवीत म्हशींखाली धार काढायला बसते.

काही ना काही निमित्त काढून तो जायचा. कधी कैऱ्या, कधी नातवाला कपडे. गेल्या गेल्या घराआधी शेडकडे वळायचा, हूक आवळायचा, गंज लागलेला बदलायचा. नाना हसायचे. म्हणायचे, आमचा याही पोरीला नाही, पत्र्याला भेटायला येतो. मोतीलालही हसायचा.

यंदा मात्र कामाच्या गर्दीत तीन-चार महिने जाणं झालं नव्हतं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तीन दिवस आधी तो मुराळी म्हणून गेला. सणाला मुलगी माहेरी आणायची म्हणून. पुष्पाबाईनं दारातल्या कडुनिंबाला झोका बांधून ठेवला होता. त्यानं एका पिशवीत पूजेच्या घागरीवर ठेवायचं डांगर, म्हणजे खरबूज, घेतलं. दुसऱ्या पिशवीत नट आवळायचे पाने आणि हूक. धुळ्याहून एस.टी.नं जाताना खिडकीबाहेर धूळ मावळतीकडून येत होती आणि तो मनातल्या मनात अंदाज बांधत होता, वारा दोन वाजता सुटेल की चार वाजता.

नेहमीसारखा तो आधी शेडकडे गेला. वर बघितलं आणि पिशव्या हातातच राहिल्या.

पडवीच्या पत्र्यावर दगड होते. पाट्यावरवंट्याएवढे, रांगेनं, उताराच्या टोकाशी. आतल्या बाजूला वाशाला दोर बांधला होता आणि त्या दोराला वजन म्हणून जात्याची जुनी तळी लटकत होती. तिच्या बरोबर खाली एक बाज, बाजेवर पूनमची गोधडी. शेजारी दिवस भरलेली म्हैस उभी होती. पूनम तिच्या पाठीवर ओलं गोणपाट टाकत होती.

त्यानं काही विचारायच्या आत तिनं बापाचा चेहरा वाचला.

"त्या दगड मी ठेवात, आबा," ती हळू आवाजात म्हणाली. "पत्रा वाजना का नाना म्हनतस, हाई तुना बापनं काम शे. वाजू नही म्हनीसन ठेवात."

शिडी लावून ती एकटी चढली होती. रविंद्र शेतात असताना, सासू आठवडी बाजाराला गेलेली असताना. एकेक दगड कमरेवर घेऊन. तीन महिने झाले होते. पत्रा खरोखरच वाजायचा थांबला होता. नाना म्हणायचे, बघ, बसला आता नीट. बापानं काही बोलू नये, एवढंच तिचं मागणं होतं.

मोतीलाल बाजेकडे बघत राहिला. पत्रा वाजतो तेव्हा तो निदान सांगत तरी असतो. तिनं त्याचं तोंड बंद केलं होतं. आता उचलला की सांगितल्याशिवाय उचलणार, आणि पत्र्याच्या आधी दगड खाली येणार. तिनं बापाची अब्रू डोक्यावर रचून ठेवली होती आणि तिच्या खाली झोपत होती.

घरात चहा आला. नाना ओसरीवर गादीवर बसले होते. त्यांनी सांगून टाकलं, यंदा पूनम येणार नाही. म्हैस आजउद्यात व्यायची, तिच्यापाशी कुणीतरी हवं, आणि ती सुनेशिवाय कुणाला अंगाला हात लावू देत नाही. पोरीनं आपण होऊनच बाज तिथे टाकली. त्यांच्या आवाजात सुनेचं कौतुक होतं, आणि ते खोटं नव्हतं.

मोतीलालनं कप हातात धरून बोलायला सुरुवात केली. दगडांचं नाव काढलं नाही. म्हणाला, मावळतीचे पत्रे आजच उतरवतो. सगळं लोखंड माझं, मजुरी माझी, आखाजी झाली की उगवतीला पडवी उभी करून देतो, तोवर म्हशी कडुनिंबाखाली बांधू. नानांनी आधी ऐकून घेतलं. मग त्यांनी त्याच्या दोन्ही पिशव्यांकडे बघितलं, एकीतून डांगर, दुसरीतून पाना डोकावत होता.

"मुराळी म्हनीसन उनात, का भंगार लेवाले?"

आतून कुणीतरी हसलं. स्वयंपाकघराच्या दारात पूनम उभी होती, ती हसली नाही. ती बापाकडे बघून मान हलवत होती, जेमतेम दिसेल इतकी, नको म्हणून.

मोतीलालनं पुन्हा तेच सांगितलं. या वेळी हात जोडून. नानांचा चेहरा बदलला. सणाच्या तोंडावर व्याही छप्पर उतरवतोय हे गाव बघणार होतं. गाव म्हणणार होतं, याह्यायाह्यांत बिनसलं. नाहीतर म्हणणार होतं, नानांनी हट्टानं चुकीचं करून घेतलं. त्यांना दोन्ही नको होतं. ते गादीवर नीट बसले आणि शांतपणे म्हणाले,

"पत्रा उतारा मंग. पन आधी गावले सांगा, मनं काम खोटं व्हतं म्हनीसन."

पूनमनं पदर तोंडाशी नेला. तीन महिने जे शब्द कुणाच्या तोंडून निघू नयेत म्हणून तिनं दगड वाहिले, ते आता ओसरीवर मांडले गेले होते. मोतीलालचं बोट कपाच्या कडेवरून गोल फिरत होतं. ते थांबलं.

शेडच्या बाजूनं आवाज आला. टक टक नव्हती ती. कुणीतरी दाबून श्वास सोडला, आणि मग एक दगड दुसऱ्याला घासला, अगदी थोडासा. ओसरीवर तो फक्त मोतीलालला ऐकू आला. अंगणातल्या तुळशीच्या कुंडीपाशी धुळीचा एक भोवरा उठला आणि बसला.

मोतीलालनं अर्धा चहा खाली ठेवला. डांगराची पिशवी भिंतीला टेकवली, दुसरी उचलली. ओट्याच्या कडेला शेजारचे दोघेतिघे येऊन टेकले होते, त्यांनी पाय आवरून वाट दिली.

"कथा चालनात, याही?" कुठे निघालात, म्हणून नानांनी विचारलं.

त्यानं चपला पायांत सरकवल्या, पिशवीतून मोठा पाना काढून सगळ्यांना दिसेल असा हातात धरला, आणि पडवीचा पत्रा काढायला उन्हात उतरला.