बापासमोर विचारलेला प्रश्न

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. गावची आशा सेविका म्हणून घरोघर फिरायला लागल्यापासून तर जास्तच. फॉर्मवर प्रश्न असतो, घरात कोणी बिडी-सिगारेट ओढतं का? अख्खी गल्ली म्हणते, छे छे! मंग पारावरची थोटकं काय कावळे टाकून जातात?

आमचं गाव आष्टीपासून जवळच. शेजारच्या भाऊजींना टीबी झाल्ता. चाळिशीचा माणूस, दोन लेकरांचा बाप. गोळ्या मीच नेऊन द्यायची. तीन महिने झाले तरी खोकला हटेना, अंगावर मांस चढेना. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "हे बिडी ओढत असतील तर लवकर सोडवा, नाहीतर अवघड आहे. आधी खरं काय ते काढा."

मी गेले. भाऊजी ओसरीवर, शेजारी त्यांचे वडील बिडी पीत बसलेले.

"भाऊजी, बिडी ओढता का?"

"न्हाई वो वहिनी. हातसुद्धा लावला न्हाई कधी."

बोटं बघितली तर पिवळीजर्द. सदऱ्याला जळल्याचं भोक. म्हाताऱ्यांकडे बघितलं तर ते म्हणाले, "आमचं पोरगं निर्व्यसनी हाय बिलकुल. मी एकटाच पापी." वर मलाच शिकवायला लागले, "बिडीनं कफ सुटतो बाई, पोट साफ होतं. तुमच्या डॉक्टरला काय कळतंय!"

बरं! माझ्या डोक्यात किडा शिरला. घरी येताना दुकानात चौकशी केली. दुकानदार म्हणाला, "ते? कधीच नेत न्हाईत. बाप नेतो. आधी एक बंडल न्यायचा, आता दोन." दम लागून चार पावलं चालवत नाही त्या म्हाताऱ्याला, आणि बिड्या दुप्पट? काहीतरी पाणी मुरत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांच्या गल्लीच्या टोकाला जाऊन उभी राहिले. नवरा म्हणतो पोलिसात जायला पाहिजे होतं मी. उघड्या दारातून दिसलं, म्हातारे गोठ्यात गेले, भिंतीतल्या दिवळीत बंडल आणि काडीपेटी ठेवली, खाकरून बाहेर आले आणि मुद्दाम रस्त्याकडं निघून गेले. थोड्या वेळानं भाऊजी गोठ्यात शिरले. मंग आतून धूर आणि तोच खोकला.

माझं टाळकंच सरकलं. म्हाताऱ्यांना रस्त्यात गाठलं. "मामा, तुम्हीच पोराला विष देऊन राह्यलेत?"

"हळू बोल बाई," ते इकडं तिकडं बघत म्हणाले. "मला माहीत हाय, हे त्याला माहीत न्हाई. त्याला वाटतं, बंडल माझं हाय, आन् तो त्यातनं चोरून घेतो."

"मंग ठेवता कशाला?"

"न ठेवून कसं? एक दिवस बंडल दिसलं न्हाई, तर त्याला कळंल ना, बापाला समजलं म्हणून. मंग माझ्यासमोर मान वर करून उभा कसा राहील तो?"

आमच्याकडं पोरगा आजोबा झाला तरी बापासमोर बिडी शिलगावत नाही, आणि बापही बघितलं तरी न बघितल्यासारखं करतो. याला मर्यादा म्हणतात. आणि मी शहाणी, फॉर्म घेऊन बापासमोरच विचारायला गेल्ते! स्वतःचीच लाज वाटली मला. पण रागही आवरेना.

"मामा," म्हणाले, "मान वर करून उभं राहायला माणूस तर जगला पाहिजे."

ते काठी टेकत घरी गेले.

दोन दिवसांनी गोळ्या घेऊन गेले. दोघं ओसरीवरच होते. मी यावेळी फॉर्म पिशवीतच ठेवला. म्हातारेच म्हणाले, "बाई, कागद काढ तुझा. लिही. माझं पोरगं बिडी ओढतं. बंडल मीच ठेवतो त्याच्यासाठी."

भाऊजी ताडकन उठले. एवढा बाप्या माणूस, दोन्ही हात पाठीमागं लपवून उभा राहिला. मान खाली.

"बस," म्हातारे म्हणाले. "सोडायची हाय आता. दोघांनी मिळून."

भाऊजी बसले. मी पेन काढलं. विचारलं, "दिवसाला किती, भाऊजी?"

"पाच-सहा," भाऊजी जमिनीकडं बघत म्हणाले.

"अकरा," बाप म्हणाला. "मी मोजून ठेवतो."