ताईच्या बाजूनं माप

परवानगी कार्यालयातल्या मोजणीच्या कारकुनाला सगळे टेपकाका म्हणायचे. खिशात टेप आणि तोंडात नियम. रस्त्याकडची भिंत एक मीटर, बाकीच्या बाजूंना दोन. त्याहून बोटभर जरी उंच हवी असेल तर अर्ज आणा. फाटक रस्त्यावर उघडता कामा नये. कुणाकडे जेवायला गेले तरी ताटावर बसण्याआधी ते यजमानांचं कुंपण नजरेनं मोजून घेत. बायको म्हणायची, "यांना स्वर्गात पाठवलं तरी आधी दाराची उंची विचारतील."

अशा माणसानं आयुष्यात एकच माप चुकवलं, आणि तेही सख्ख्या बहिणीच्या भिंतीचं.

आईवडिलांच्या जागेचे दोन भाग झाले तेव्हा ताई डावीकडे राहिली, हे उजवीकडे. भाऊजींनी कुत्रा पाळला, कुत्रा काकांचे भाजीचे वाफे उकरू लागला, म्हणून भाऊजींनी मधे भिंत घातली. भांडण असं नव्हतंच. पण कुणीतरी निनावी तक्रार केली, की टेपकाकांच्या घरच्यांना नियम लागू नाहीत वाटतं! काकांना ते झोंबलं. साहेब दुसऱ्या माणसाला पाठवत होते, तर हे म्हणाले, "घरचंच आहे, मीच जातो." आणि स्वतःच्या अंगणात उभं राहून त्यांनी टेप लावली. दोन मीटर, वर वीतभर.

"आमच्या बाजूनं मोज की एकदा," ताई भिंतीपलीकडून म्हणाली.

"भिंत एकच आहे, ताई. दोन्हीकडून सारखीच भरणार."

नोटीस गेली. विटांचे दोन थर उतरले. ताईनं त्या दिवशी त्यांच्याशी बोलणं सोडलं, ते एकोणीस वर्षं सोडलेलंच राहिलं.

तिसऱ्या वर्षी एकदा वाफ्याला पाणी देता देता काकांचा हात थबकला. भिंतीच्या पायाशी जुन्या मातीची रेघ दिसत होती, आताच्या जमिनीपेक्षा वीतभर वर. वाफ्यांसाठी आपल्या बाजूची माती मोजणीच्या आधी त्यांनीच उकरून नेली होती! माप मूळ जमिनीपासून घ्यायचं, हे त्यांच्या ऑफिसात शिपाईसुद्धा सांगेल. ताईच्या बाजूनं भिंत तेव्हा बरोबर दोन मीटर होती.

तेव्हाच सांगायला हवं होतं. आधी नोकरीची भीती आडवी आली, मग ताठा. त्यानंतर जे आडवं आलं, ते काकांनी बायकोलाही सांगितलं नाही. भिंत उतरल्यापासून, सकाळी ताई कपडे वाळत घालायला आली की तारेवर तिचे हात दिसत. नुसते हात. याच हातांनी लहानपणी त्यांच्या शर्टाची बटणं लावली होती, दोन वेळा कानही पिळला होता. काका चहाचा कप घेऊन मागच्या पायरीवर बसत. चादरी असल्या की हात बराच वेळ दिसत. नुसत्या रुमालांच्या दिवशी चहा अर्धाच राहायचा. चूक कबूल केली, तर ताईला ते दोन थर परत चढवायचा हक्क होता. मग हातही गेले असते. बहिणीसाठी जीव तुटत होता, आणि बहिणीवर केलेला अन्याय मात्र ते जपून ठेवत होते.

निवृत्तीला आठवडा उरला तेव्हा राहवेना. आपल्यामागं ही फाइल कोण कशाला उघडणार? त्यांनी साहेबांच्या टेबलापाशी उभं राहून सगळं सांगून टाकलं. साहेबांनी ती फाइल मागवून उघडली. मग म्हणाले, "फेरमोजणी करा. आणि आता तरी त्यांच्या बाजूनं."

एकोणीस वर्षांनी काकांनी ताईचं फाटक ढकललं. ताई दारात आली. केस पार पांढरे, पाठीला बाक. हात तेवढे ओळखीचे होते.

"माप घ्यायला आलोय," काका म्हणाले. "मागं माझंच चुकलं होतं. माती मी उकरली होती. मला सोळा वर्षांपासून माहीत आहे."

ताई भिंतीपाशी गेली. तिनं टेपचं टोक धरलं आणि वाकून जमिनीला टेकवलं. भिंत दोन मीटरला वीतभर कमी भरली. काकांनी आकडा लिहून घेतला.

"दोन थर चढवून घे, ताई. परवानगी लागत नाही. विटांचं बघतो मी..."

बोलता बोलता त्यांचं लक्ष गेलं. उतरवलेल्या विटा भिंतीला लागूनच रचून ठेवल्या होत्या, गुडघाभर उंच. बाजूंना शेवाळ धरलं होतं. वरच्या विटा मात्र स्वच्छ होत्या, मधोमध झिजलेल्या.

"विटा आहेतच की," काका म्हणाले.

"त्या लावल्या तर मी कशावर उभी राहू?"

काकांना काही कळेना.

"तू ऑफिसला निघालास की फाटकापर्यंत दिसतोस," ताई म्हणाली. "पाठच दिसते नुसती. आता तू घरी बसणार, म्हणजे तीही गेली."